‘हाय सिएरा’ गुंडाला मिरवत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या हॉलिवूडमधल्या गुन्हेगारीपटांवरचा लेख वाचला. विषय जिव्हाळ्याचा, म्हणून दोनदा वाचला. त्यात १९४१ सालच्या ‘हाय सिएरा’ची मात्र एका वाक्यात बोळवण झाली आहे. गुंडाला नायक करून दीड तास मिरवायचं आणि सेन्सॉरच्या धाकाने शेवटी मारून टाकायचं, या पठडीतला आणखी एक सिनेमा, असा लेखाचा सूर आहे. दिग्दर्शक म्हणून जॉन ह्यूस्टनचं नाव छापलं आहे, तीही चूक. दिग्दर्शक राऊल वॉल्श. ह्यूस्टनने डब्ल्यू. आर. बर्नेट यांच्याबरोबर पटकथा लिहिली. ज्या कादंबरीवर ती बेतली ती बर्नेट यांचीच, १९४० ची.

नावाची चूक एखाद्या ओळीच्या खुलाशाने भरून निघेल. पण ‘मिरवणं’ हा शब्द मला खटकला, आणि त्यासाठीच हे पत्र.

हा सिनेमा मी पहिल्यांदा पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळात पाहिला. अर्धं सभागृह रिकामं होतं. सिनेमाचा नायक, दरोडेखोर रॉय अर्ल तुरुंगातून बाहेर येतो आणि आता कुणाच्या तरी डोक्याला पिस्तूल लागणार म्हणून आम्ही सरसावून बसलो. तो जातो बागेत. गवत अजून हिरवं आहे ना, झाडं वाढताहेत ना, हे आधी बघायचंय म्हणतो. मग इंडियानातल्या आपल्या जुन्या शेतावर जातो. तिथे आता दुसरंच कुटुंब राहतं. ओढ्याकाठी मासे धरणाऱ्या पोराशी तो दोन शब्द बोलतो. पण तिथला शेतकरी त्याला ओळखतो, आणि ज्या घराकडे हा माणूस डोळे लावून होता तिथे त्याच्याकडे भीतीने बघितलं जातं. तो निमूट गाडीत बसतो. गाव सुटलेल्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

पुढे रस्त्यात त्याला गुडह्यू कुटुंब भेटतं. मंदीत शेत गमावून कॅलिफोर्नियाकडे निघालेली माणसं. त्यांच्या नातीचा, वेल्माचा, पाय जन्मापासून वाकडा. रॉय तिच्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलतो आणि मनात संसार मांडतो. पाय बरा होतो, वेल्मा नाचू लागते आणि आपल्या जुन्या प्रियकराकडे वळते. सिनेमा तिला खलनायिका करत नाही. तिने काही वचन दिलेलंच नव्हतं. रॉयलाच वाटत होतं की पैसे मोजून सुटून गेलेलं आयुष्य परत घेता येईल. याला गुंडाला मिरवणं म्हणत नाहीत.

त्याचे गुन्हेही सिनेमा झाकत नाही. हॉटेलवरच्या दरोड्यात तो पहारेकऱ्यावर गोळी झाडतो, पुढे एका साथीदाराचा जीव घेतो. जवळ दागिने आहेत, पण रोकड नाही. उरलेले पैसे त्याच्यावर प्रेम करणाऱ्या मारीला देऊन तिला बसमध्ये बसवतो आणि स्वतःच्या वाटखर्चासाठी एक दुकान लुटायला जातो, तिथेच ओळखला जातो. एवढ्या मोठ्या दरोड्याची ही कमाई!

सेन्सॉरचा मुद्दा लेखकाने योग्यच मांडला आहे. १९३४ पासून हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली होती आणि गुन्हेगार शिक्षेवाचून सुटलेला दाखवता येत नसे. त्याआधीच्या ‘लिटल सीझर’ किंवा ‘स्कारफेस’ या सिनेमांतल्यासारखा गुंड १९४१ मध्ये पडद्यावर आणणं सोपं नव्हतं. म्हणजे रॉयचं मरण ठरलेलंच होतं. पण ते कसं येतं हे बघा.

कॅलिफोर्नियातल्या व्हिटनी पर्वताच्या कुशीत, लोन पाइन गावाच्या वरच्या घाटरस्त्यावर पाठलाग होतो. ही दृश्यं स्टुडिओतल्या पडद्यासमोर उरकलेली नाहीत, खऱ्या डोंगरात चित्रित केलेली आहेत, आणि धुळीतून वळणं घेत चढणारी ती गाडी आजही छाती दडपवते. रस्ता संपतो. रॉय बंदूक घेऊन खडकांत चढतो. खाली पोलीस, वार्ताहर, बघ्यांची गर्दी, आणि रेडिओवाला श्वास न घेता साऱ्या प्रसंगाचं वर्णन करतोय. एक माणूस मरायची वाट बघत लोक रात्रभर थांबतात. टीव्हीवरच्या थेट प्रक्षेपणाची सवय झालेल्या आपल्याला तो रेडिओवाला फार ओळखीचा वाटतो.

वर्तमानपत्रांनी रॉयला नाव दिलेलं असतं ‘मॅड डॉग’, पिसाळलेला कुत्रा. ते छापलेलं बघून रॉय संतापतो. आणि त्याचा घात होतो तो खऱ्याखुऱ्या कुत्र्यामुळे, पार्ड नावाच्या त्याच्यावर जीव टाकणाऱ्या लहानशा प्राण्यामुळे. मारी परत येते. रॉयला हाक मार, खाली बोलाव, म्हणून सगळे तिच्या मागे लागतात. ती ठाम नकार देते. पण पार्ड निसटतो आणि भुंकत वर धावतो. ते ओळखीचं भुंकणं ऐकून रॉय ‘मारी!’ म्हणून ओरडत आडोशाबाहेर येतो आणि वर दबा धरलेला बंदूकवाला त्याला टिपतो. पोलिसांना तो एका क्षणासाठी सापडला, तो मायेपोटी.

मग मारी वार्ताहराला विचारते की माणूस ‘क्रॅश आउट’ होतो म्हणजे काय. गुन्हेगारांच्या बोलीत त्याचा अर्थ तुरुंग फोडून पळणं. वार्ताहर सांगतो, म्हणजे तो मोकळा झाला. इंग्रजीत तिला हे विचारावं लागतं. आपल्याकडे तुरुंगातून आलेल्यालाही ‘सुटला’ म्हणतात आणि हाल सोसून गेलेल्यालाही ‘सुटला बिचारा’च म्हणतात. त्या दिवशी सभागृहात माझ्या शेजारच्या आजोबांच्या तोंडून हाच शब्द हलकेच निघाला होता. त्यानंतर हा सिनेमा मी कधीही परक्या भाषेतला म्हणून बघू शकलो नाही.

दोष आहेतच. विली बेस्ट या कृष्णवर्णीय अभिनेत्याला दिलेली आळशी, भेदरट नोकराची भूमिका आज बघवत नाही, आणि ते लेखात यायला हवं होतं. मारीचं काम करणाऱ्या आयडा लुपिनोचा तर उल्लेखही नाही. श्रेयनामावलीत तिचं नाव पहिलं आहे, रॉय झालेल्या हम्फ्री बोगार्टचं दुसरं. बोगार्ट मोठा नट झाला तो या सिनेमापासून आणि त्याच वर्षीच्या ‘द मॉल्टीज फाल्कन’पासून, पण शेवटच्या प्रसंगाचा सगळा भार लुपिनोच्या चेहऱ्यावर आहे.

वॉल्श यांनी हीच कथा १९४९ मध्ये ‘कोलोराडो टेरिटरी’ म्हणून घोडेस्वारांच्या काळात नेऊन पुन्हा सांगितली. पुरवणीत जागा मिळाली तर या दोन्ही सिनेमांवर मिळून एक स्वतंत्र लेख यावा, ही विनंती. आणि तोवर, येत्या रविवारी निदान दिग्दर्शकाच्या नावाचा खुलासा छापावा.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
सातारा