‘विचारलं तर सांगू’ हे मला नाही पटलं

प्रिय मित्रा,

ब्रिजमधल्या आपल्या बोलींवरून फोनवर आपण भांडत बसतो, तू म्हणतोस त्यांचा अर्थ समोरच्यांनी विचारला तरच सांगू, म्हणून लिहितोय. तुला मल्टी खेळायचंय ना, खेळूया की. दोन चौकट म्हणायचं आणि हातात सहा बदाम नाहीतर सहा इस्पिक, पॉइंट कमी (किंवा क्वचित मोठा हात), आयोजकांनी परवानगी दिलीये तर माझी ना नाही. ते फोर्सिंग पासचं मात्र सोड. चांगल्या हाताला पास आणि भिकार हातावर ओपनिंग म्हणजे पहिली बोली, हे जागतिक फेडरेशन मोजक्या मोठ्या टीम स्पर्धांतच चालू देतं, पेअर्समध्ये, म्हणजे जोड्यांच्या स्पर्धेत, नाही, आणि मला ते बरोबर वाटतं, कारण पेअर्समध्ये दोन-तीन डाव झाले की समोर नवी जोडी, त्यांनी तुझ्या पासवर काय बोलायचं ते ठरवायचं कधी?

पण मला खरं लागलं ते तुझं ‘विचारलं तर सांगू’. अरे, ब्रिजचा 40 वा नियम सरळ आहे, आपलं जे ठरलंय ते खेळ सुरू व्हायच्या आधीच समोरच्यांना उपलब्ध पाहिजे. आणि ठरलंय म्हणजे बसून ठरवलेलंच नाही, वारंवार घडून पार्टनरला अंगवळणी पडलेलं पण त्यातच येतं.

गेल्या महिन्यातला तो डाव आठवतो? आधीचे दोघे पास झाल्यावर तिसऱ्या जागेवरून तू दोन इस्पिक बोललास, त्या बाईंनी मला विचारलं किती पत्ते, मी म्हटलं सहा, आपल्या बोलींचे अर्थ लिहिलेल्या कार्डावर तसंच होतं. तुझ्याकडे पाच होते, आणि व्हल्नरेबल नसताना (बुडालो तरी दंड कमी असतो तेव्हा) त्या जागी तू पाचवर बोलतोस हे मला दोन वर्षं माहितीये रे! त्यांनी तुझे सहा इस्पिक धरून मोजलं, किल्वरची राणी माझ्याकडे असणार म्हणून खेळल्या, ती निघाली तुझ्याकडे, त्यांचे चार बदाम, म्हणजे दहा हातांची बोली, एका हाताने बुडाले. त्या काही बोलल्या नाहीत, डायरेक्टरला, म्हणजे स्पर्धेच्या पंचांना, पण बोलावलं नाही. मीच बोलवायला हवं होतं, माझं चुकलं हे लक्षात आल्या आल्या. घरी येईपर्यंत मला तेच टोचत होतं. मल्टीला निदान अलर्ट, म्हणजे ‘ही बोली वेगळी आहे’ असा इशारा, तरी असतो, आपली ही सवय कुठेच लिहिलेली नव्हती.

तर मी आपल्या कार्डावर ‘तिसऱ्या जागी पाच पत्ते चालतात’ लिहून टाकलंय. मल्टीचं पण लिहू, मोठा हात नेमका कुठला तेही. माझं सांगताना चुकलं आणि डाव आपण खेळणार असलो तर पहिल्या उतारीच्या आधी डायरेक्टरला बोलाव, माझी भीड धरू नकोस. बचावात असलो तर डाव संपल्यावर.

रविवारी सकाळी ये, कोरं कार्ड आणून ठेवलंय.

तुझा,
पार्टनर