पहिल्या साइटआधी लेकीस पत्र

चि. प्राजक्ता हिस अनेक आशीर्वाद.

लातूरच्या प्लॉटचा नकाशा मिळाला. खाली पार्किंग, वर तीन मजले, 12 फ्लॅट. मांडणी चांगली आहे. जिना थोडा अंधारा वाटतो, ते आर्किटेक्टला विचार.

किराणा दुकानदाराला चुकीचा भरलेला माल महिन्याभरात कळतो. बिल्डरला पायातली चूक तिसऱ्या पावसाळ्यात कळते आणि तोवर पुढच्या दोन साइटवर तीच चूक झालेली असते. म्हणून नुसता अनुभव साठत गेला तरी या धंद्यात शहाणपण येईलच असं नाही. चूक लवकर डोळ्यांपुढे येईल अशी सोय आधीच लावून ठेवावी लागते.

जमिनीपासून बघ. सातबारा, फेरफार आणि 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट सगळेच काढतात. आपल्याकडे मराठवाड्यात 1954-55 चं खासरा पाहणीपत्रकही (त्या वेळच्या जमीन-पाहणीची सरकारी नोंद) काढायचं. इनाम जमिनी आणि हैदराबाद कुळकायद्यातली कुळं यांचा माग तिथून लागतो. हे विसार देण्याआधी. विसार दिल्यावर माणसाला दोष दिसेनासे होतात.

काळ्या मातीबद्दल तुला कॉलेजात शिकवलं आहेच, तरी साइटवर होतं ते असं. फुटिंग (कॉलमखालचा पाया) मुरमावर नीट टेकवतात, आणि प्लिंथच्या (जोत्याच्या) आत मात्र खोदलेली तीच काळी माती परत ढकलतात, कारण मुरमाच्या ट्रिपा वाचतात. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. मग तळमजल्याची फरशी उचलते, भिंतींना तिरप्या भेगा पडतात, आणि दोष मिस्त्रीवर जातो. भरणी बाहेरून आणलेल्या मुरमाचीच, 15 ते 20 सेंमीचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि दबाई. इमारतीभोवती मीटरभर फरसबंदी, तिला बाहेरच्या बाजूला उतार.

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा. त्या जिल्ह्यात कॉलमच्या रिंगांचे (उभ्या सळयांभोवतीच्या लोखंडी कड्यांचे) हूक 90 अंशांत वाकवलेले दिसले तर काँक्रीट थांबव. ते 135 अंशांत आतल्या बाजूला वळलेले हवेत आणि जोडाजवळ रिंगा दाट हव्यात. पाणी आणि क्युरिंगचं (काँक्रीट ओलं ठेवण्याचं) बोलायचं तर, लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला किमान 10 दिवस क्युरिंग लागतं, कडक उन्हात 14 दिवस धर. एप्रिल-मेमध्ये टँकरच्या भरवशावर स्लॅब टाकण्यापेक्षा दिवाळीनंतरचे महिने वापर. दर स्लॅबचे क्यूब (काँक्रीटचे चाचणी-ठोकळे) 7 आणि 28 दिवसांनी फोडून घे. संडास-बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये 48 तास पाणी भरून खालून बघ. तिसऱ्या पावसाळ्यात कळणारी गोष्ट अशी दोन दिवसांत कळते.

आता पैसा, कारण इमारती बहुतेक इथेच अडकतात. तुझा प्लॉट 500 चौ.मी.च्या वर आहे आणि फ्लॅट 8 पेक्षा जास्त, म्हणजे महारेराची (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात नाही, बुकिंग नाही. करारनामा नोंदवण्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही. ग्राहकांकडून आलेल्यातले 70 टक्के वेगळ्या खात्यात. ते याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी आणि बांधकामासाठी, काम झालं त्या प्रमाणात, आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीएच्या दाखल्यांवर निघतात. आदर्श करारनाम्यातले टप्पे बघ: करारानंतर एकूण 30 टक्क्यांपर्यंत, प्लिंथला 45, सगळे स्लॅब झाले की 70. सांगाडा उभा राहिला तेव्हा 70 टक्के आलेले असतात, आणि प्लास्टर, फरशी, खिडक्या, प्लंबिंग, वायरिंग, लिफ्ट सगळं राहिलेलं असतं. शेवटचे 5 टक्के तर ताबा देतानाच मिळतात. स्लॅब भराभर पडतात त्या वर्षी हातात पैसा खेळतो आणि नेमका तेव्हाच एजंट शेजारचा प्लॉट दाखवायला येतो. पहिल्या साइटच्या पैशानं दुसरी जमीन घेतली की पहिलीचं फिनिशिंग थांबतं. ताबा लांबला की पैसे परत मागणाऱ्याला ते व्याजासह द्यावे लागतात. फ्लॅट हवाच असेल त्याला दरमहा व्याज द्यावं लागतं. शेवटचा स्लॅब टाकण्याआधी फिनिशिंगच्या सगळ्या कोटेशनची बेरीज कागदावर असू दे.

हप्ते ठरवताना माणूसही बघ. नोकरदाराचं बँकेचं कर्ज टप्प्यानं सुटतं. शेतकरी सोयाबीन विकून पैसे देतो; भाव पडला तर त्याचा हप्ता पुढे जातो, त्यामुळे त्याच्यापुरती तारीख ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतरची ठेव. ट्यूशनसाठी मुलांना घेऊन येणारे पालक बहुतेक भाड्यानंच राहतात. त्यांची गर्दी पाहून छोटे फ्लॅट वाढवणार असशील, तर आधी भाड्यावर देण्यासाठी विकत घेणारे किती आहेत ते मोज.

एक वही कर, एक्सेल नको. डाव्या पानावर अंदाज, उजव्यावर प्रत्यक्ष, आणि फरक का पडला ते एका ओळीत. ठोकताळा म्हणून बिल्टअपच्या चौरस फुटाला 4 किलो लोखंड आणि 0.4 पोतं सिमेंट धर. त्याहून बरंच जास्त लागलं तर डिझाइन, नासाडी की चोरी, ते त्याच आठवड्यात शोध. ताबा दिल्यावर तक्रारींचं पान सुरू कर: फ्लॅट, तारीख, ओल कुठे, काम कुणाच्या हातचं. बांधकामातल्या दोषाची दुरुस्ती 5 वर्षांपर्यंत तशीही आपल्याच गळ्यात असते. एकाच प्लंबरचं नाव तीनदा आलं की पुढच्या साइटवर त्याला बोलवू नकोस, मग तो कितीही स्वस्त असो.

मोजणीची क प्रत (सरकारी मोजणीचा हद्दीचा नकाशा) आली की फोटो पाठव. खासरा पत्रकातलं क्षेत्र आणि चतुःसीमा ताडून पाहतो, तोवर विसाराचा चेक देऊ नकोस.

तुझे,
अण्णा