नाव खोडले तरी माणूस ओळखू येतो

मा. संपादक,

चंद्रपूर जिल्ह्यातल्या श्वसनविकारांची सरासरी काढली, की औष्णिक वीजकेंद्राशेजारचे दुर्गापूर आणि ताडोबालगतची खेडी एकाच आकड्यात जमा होतात. हवेचा आजाराशी संबंध तपासायला असा आकडा निरुपयोगी आहे. त्यासाठी प्रभागाची, गावाची माहिती लागते. ती मागितली की एकतर ‘गोपनीय’ म्हणून नकार मिळतो, नाहीतर नावाचा रकाना तेवढा काढून अख्खी यादी हाती येते. दोन्ही चूक आहे.

जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरून संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या गव्हर्नरांची निनावी वैद्यकीय नोंद मतदार यादीशी जुळवून दाखवली होती. चारशे वस्तीच्या गावात तर ‘स्त्री, वय ६८, दमा’ म्हटले की पारावर नाव सांगतील.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाहणीसाठी निवडलेल्या वस्त्यांची ठिकाणे, कोणाची ओळख पटू नये म्हणून, नकाशावर मुद्दाम सरकवून देतात: शहरात २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण भागात ५, क्वचित १०. पण वाहनांचा धूर मोठ्या रस्त्यापासून काही शे मीटरांतच विरळ होतो. ठिकाण आधी सरकवले आणि प्रदूषण नंतर मोजले, तर खरा परिणामही फिका पडतो आणि ‘संबंध आढळला नाही’ असा निष्कर्ष छापून येतो. म्हणून क्रम उलटा हवा. ज्या कार्यालयाकडे खरा पत्ता आहे, त्यानेच स्वतःच्या संगणकावर प्रत्येक नोंदीला पीएम २.५ (हवेतल्या सूक्ष्म कणांचे प्रमाण), रस्त्यापासूनचे अंतर, पाण्याचा स्रोत जोडावा. मग पत्ता काढून टाकावा आणि संशोधकाला वयोगट, महिना व मोजमाप एवढेच द्यावे. मोजमापही पूर्णांकात द्यावे. ४७.३८२६ असा आकडा प्रदूषणाच्या नकाशावर एखाद्याच चौकोनात सापडतो, म्हणजे काढलेला पत्ता परत आलाच.

तक्त्याच्या ज्या चौकटीत दहापेक्षा कमी रुग्ण आहेत, तिथला आकडा झाकावा. एकच गाव झाकले तर तालुक्याच्या बेरजेतून वजाबाकी करून ते उघडे पडते. दुसरेही झाकावे, किंवा एकाच पाणीयोजनेवरची गावे एकत्र करावीत. लोकसंख्या २०११ ची धरली असेल तर तसे ठळक लिहावे, कारण शहरालगत वाढलेल्या गावांत आजाराचा दर त्यामुळे फुगतो. आणि केसपेपरवर रुग्णाच्या पत्त्याऐवजी दवाखान्याचा पिनकोड पडला, तर नकाशावर सिव्हिल हॉस्पिटलभोवतीच आजाराचे बेट उभे राहते. ही चूक नोंदणीच्या खिडकीवरच थांबवता येते.

कायद्याकडे बोट दाखवणेही बरोबर नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधन आणि सांख्यिकीला सवलत आहे. अट अशी की त्या माहितीवरून कोणा एका व्यक्तीविषयी निर्णय घेऊ नये आणि ठरवून दिलेले निकष पाळावेत.

माणसाइतकेच गावही जपावे लागते. पाण्यात फ्लोराइड जास्त निघाले आणि ‘फ्लोराइडचे गाव’ असा शिक्का बसला की सोयरिकी अडू शकतात. म्हणून निष्कर्ष वर्तमानपत्राआधी ग्रामसभेत सांगावेत, आणि कोणत्या बोअरचे पाणी पिऊ नये हेही तिथेच सांगावे.

– सार्वजनिक आरोग्याच्या आकडेवारीवर काम करणारे काही अभ्यासक