आधी बाबांचा चिमणराव

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

बडोद्याचं दांडिया बाजारचं घर आवरायला काढलंय आणि पुस्तकांचं कपाट मध्ये येतंय, म्हणून अर्धी पुस्तकं लायब्ररीला आणि उरलेली रद्दीत, असं बाबा परवा फोनवर म्हणाले. फोनवर बाबांशी वाद घालता येत नाही, ते लगेच आईच्या हातात फोन देतात. म्हणून हे पत्र. बाकी काय द्यायचं ते द्या, पण मधल्या खणाला हात लावण्याआधी हे पूर्ण वाचा.

दिवाळीत येताना मी चिं. वि. जोशींची चिमणरावाच्या विनोदी गोष्टींची पुस्तकं बॅगेत घालून आणली, ते तुम्हाला सांगितलं होतंच. 'एरंडाचे गुऱ्हाळ' १९३२चं, 'चिमणरावाचे चऱ्हाट' १९३३चं. आपल्या प्रती अर्थात नंतरच्या, पण पानं आता इतकी कडक झालीत की उलटताना कोपरा हातात येतो. रोज रात्री सगळं आवरलं की थोडं थोडं वाचते. वाचताना गंमत अशी होते की प्रत्येक वाक्य बाबांच्या आवाजात ऐकू येतं. चिमणरावासाठी बाबा नाकातून, जरा घाबरल्यासारखं बोलायचे, आणि त्याचा दांडगा जोडीदार गुंड्याभाऊ आला की एकदम छातीतून. उन्हाळ्यात गच्चीवर गाद्या घातल्या की हा कार्यक्रम ठरलेला. शेजारचे गुजराती काका तर आधी हसून घ्यायचे आणि मग परत वाचायला सांगायचे, "फरीथी वांचो ने, भाई." त्यांना निम्मं मराठी कळत नसे, पण बाबांचा चिमणराव पूर्ण कळायचा.

बाबांना जोशींचा अभिमान वेगळाच होता. "हे आपल्या कॉलेजात पाली शिकवायचे," हे वाक्य प्रत्येक गोष्टीच्या आधी यायचं. घुमटाच्या त्या इमारतीवरून जाताना मला खरंच वाटायचं की आत अजून चिमणराव तास घेत असेल. दिवसा बुद्धाची वचनं शिकवायची, पालीचं व्याकरण लिहायचं, पुढे संस्थानचं दप्तर सांभाळायचं आणि त्याच हाताने चिमणरावाच्या फजित्या लिहायच्या! आता वाटतं, कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात बसणाऱ्या माणसालाच कारकुनाचा स्वभाव इतका बारकाईने दिसला असेल. बाबांची तक्रार मात्र कायम होती, "लिहिलं बडोद्यात आणि बिऱ्हाड थाटलं पुण्यात. एक गोष्ट तरी मांडवीतली लिहायची!"

आता मुद्द्याचं. दादरच्या मावशीकडे मे महिन्यात गेलो की सगळी मावसभावंडं चिमणराव करून दाखवायची. मुंबई दूरदर्शनवर १९७७ ते १९७९च्या सुमाराला ती मालिका लागत होती. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. भावंडांनी काठी घेऊन केलेला गुंड्याभाऊ मला अजिबात पटायचा नाही, कारण तो बाबांसारखा बोलत नव्हता. आपल्याकडे तेव्हा टीव्ही नव्हताच, आणि असता तरी मुंबईचं प्रक्षेपण बडोद्यापर्यंत कुठलं पोचायला! म्हणजे ज्या गावात चिमणराव लिहिला गेला, त्या गावातल्या मराठी माणसांना तो पडद्यावर दिसला नाही. मावशीला याचं वाईट वाटायचं. आईला आठवत असेल, ती पत्रात मालिकेच्या भागांची गोष्टच लिहून पाठवायची.

त्या मालिकेचे जे भाग हाताला लागले ते मी आता फोनवर पाहिले. कृष्णधवल चित्र, सगळं घर स्टुडिओत उभारलेलं, पात्रं दारातून आत येतात तशी नाटकासारखी. पण प्रभावळकरांना पाहून मी हात टेकले. तो कोट, ती टोपी, अंग चोरून उभं राहणं, आणि समोरचा मोठ्याने बोलला की डोळ्यांनीच एक पाऊल मागे जाणं. बाळ कर्वे नुसते उभे राहिले तरी खोली लहान वाटते. तुम्हाला दोघांना हे भाग पाठवते, मोठ्या पडद्यावर लावून घ्या.

तरी एक राहतंच. पुस्तकात गोष्ट चिमणराव स्वतः सांगतो. आपण काहीतरी फार शहाणपणाचं केलं, अशा थाटात तो सांगत जातो आणि वाचणाऱ्याला सगळं उलटं दिसत असतं. त्याला मात्र पत्ता नाही. कॅमेरा समोर आला की चिमणराव बाहेरून दिसतो, मग आपण त्याला हसतो. बाबा वाचत तेव्हा मात्र ते चिमणरावाच्या बाजूने वाचत. एकदाही हसत नसत. त्यामुळे आम्ही जास्त हसायचो आणि मध्येच त्याची कीवही यायची. ही कीव मला पडद्यावर सापडली नाही. कदाचित मावसभावंडांना सापडत असेल, त्यांचा चिमणराव पहिल्यापासून तोच.

पण आई, तुझ्यासाठी एक गोष्ट आहे, चिमणरावाच्या बायकोची, काऊची. तू भाकरी थापताना आतून म्हणायचीस, "त्या काऊला कोणीतरी विचारा." आम्ही हसायचो, तू हसत नव्हतीस. आता वाचताना जागोजागी अडखळले. नव्वद वर्षांपूर्वीचा विनोद आहे, बायकांवरचे काही टोमणे तर पार शिळे झालेत, आणि काऊबद्दल आपल्याला कळतं ते सगळं नवऱ्याच्या तोंडून. पडद्यावर मात्र चिमणराव बढाई मारत असतो तेव्हा काऊ शेजारी दिसते. ती काही बोलली नाही तरी चालतं. इथे टीव्ही जिंकला, हे बाबांनीही मान्य करावं.

याच्या उलट मालगुडीचं झालं. १९८७च्या आसपास आपल्याकडे टीव्ही होता आणि दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम दिसत होता. 'मालगुडी डेज' लागलं की ती धून गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांतून एकदम यायची. आर. के. नारायण यांनी इंग्रजीत लिहिलेलं, गाव नकाशावर नसलेलं, शंकर नाग यांनी ते कर्नाटकात आगुंब्याला चित्रित केलं, त्यातला शाळकरी स्वामी बोलणार हिंदी, आणि पाहणार आपण, बडोद्यातली मराठी माणसं, शेजारी गुजराती. राष्ट्रीय एकात्मतेच्या सगळ्या जाहिरातींपेक्षा हे जास्त खरं होतं. नंतर बाबांनी त्यांची 'स्वामी अँड फ्रेंड्स'ची प्रत वाचायला दिली. १९३५चं पुस्तक, पण प्रत्येक पानावर मला मास्टर मंजुनाथचाच चेहरा दिसत राहिला आणि स्वामीच्या वडिलांच्या जागी गिरीश कार्नाड. फार छान चेहरे आहेत, तक्रार नाही. पण माझा स्वतःचा स्वामी कधी तयारच झाला नाही. त्याचे मित्र राजम आणि मणी यांचंही तेच. पुस्तक उत्तम आहे हे कळतं, पण त्यात हिंडायला गेलं की शूटिंगच्या जागीच पोचते.

म्हणजे आधी काय आलं त्यावर सगळं ठरलं. अँटेनाला चिमणराव पकडता आला नाही, म्हणून आपल्या घरात बाबांचा चिमणराव शिल्लक राहिला. मावशीला आपलं जे वाईट वाटायचं, त्याचा मला आता उलट आनंद होतो.

प्रभावळकर हा माणूस आपल्या कपाटातून बाहेर पडायला तयार नाही, ते एक वेगळंच. चिमणराव झाले, स्वतःच्या 'अनुदिनी' पुस्तकावरच्या मालिकेत टिपरे आबा झाले, आणि २०१७च्या 'फास्टर फेणे' सिनेमात चक्क फेण्याचे लेखक भा. रा. भागवत झाले. बन्या फेणे म्हटल्यावर आठवलं, सुरसागर तळ्याभोवती सायकल पिटाळत त्याच्यासारखं 'ट्टॉक्' करायचा माझा नाद आईने किती दिवस सहन केला! ती पुस्तकंही मधल्या खणात आहेत, मागच्या ओळीत.

आता विनंती. सई दहा वर्षांची झाली. मराठी वाचते, पण जोडाक्षर आलं की थांबते, आणि तेवढ्यात तिचा हात फोनकडे जातो. मी तिला चिमणरावाची मालिका अजून दाखवलेली नाही. ती तुमच्या आवाजातला चिमणराव आधी ऐकेल, मग पाहील. तेव्हा बाबांनी रोज एक गोष्ट वाचून फोनवर रेकॉर्ड करून पाठवायची. पुस्तकं मी कुरिअरने परत करतेय, चष्म्याचा नंबर बदलून घ्यायचा राहिला असेल तर तो आधी. खोकला आला तर तसाच राहू द्या, पण पंखा बंद ठेवा, गेल्या वेळच्या आरतीच्या रेकॉर्डिंगमध्ये नुसता पंखाच ऐकू येत होता. गुंड्याभाऊचा आवाज चढवताना ब्लडप्रेशरची गोळी झालेली असावी. आणि आई, काऊची वाक्यं तू म्हणायचीस. पुस्तकात नसतील तिथे मनाने घाल.

मधला खण आणि त्याच्या मागची ओळ मला ठेवा. इंग्रजी कादंबऱ्या आणि बाबांची आयकराची जुनी मार्गदर्शकं खुशाल जाऊ देत.

तुमची,
मनू