रामसाऊचा वाटाड्या

म्युनिक

ती. बाबा,
सा. नमस्कार.

परवा बेर्श्टेसगाडेनला जाऊन आले. ऑस्ट्रियाच्या सरहद्दीला लागून असलेला हा डोंगराळ मुलूख. तिथल्या एका माणसाबद्दल तुम्हाला सविस्तर लिहायचं आहे. पत्र लांबेल, पण पुरतं वाचा. बाळूचा विषय त्यातच येतो.

योहान ग्रिल. जन्म १८३५, गाव रामसाऊ, शेतकऱ्याचं घर. त्यांच्या वाडीच्या नावावरून सगळे त्याला केडरबाखर म्हणायचे. या भागाचा मानाचा डोंगर वाट्समान, सर्वांत उंच शिखर २,७१३ मीटर. १८६८ मध्ये ग्रिलने एका जोडीदाराबरोबर त्याची तिन्ही शिखरं सलग पार केली. हेही थोडंथोडकं नव्हतं, पण नाव झालं ते पूर्वेच्या कड्यामुळे.

तो कडा मी खालून पाहिला. क्योनिगझे तळ्यातून होडीने सेंट बार्थोलोमेला उतरायचं. होडीवाले मध्येच इंजिन थांबवून तुतारी वाजवतात आणि समोरचा डोंगर ते सूर परत पाठवतो. उतरून झाडीतून चालत गेलं की मान दुखेपर्यंत वर पाहावं लागतं. जवळजवळ १,८०० मीटरची एकसंध भिंत! हरिश्चंद्रगडावर मी पोटावर झोपून कोकणकडा पाहत होते आणि तुम्ही माझे पाय घट्ट धरून बसला होतात, आठवतं? तो कडाही या भिंतीपुढे लहान.

१८८१ च्या जूनमध्ये ग्रिल व्हिएन्नाच्या ओटो शुकला घेऊन ही भिंत चढला. त्याआधी ती कोणीच चढलेलं नव्हतं. पायात खिळे ठोकलेले बूट, हातात लांब दांड्याची बर्फकुऱ्हाड आणि एक दोर. कपारीत ठोकायच्या मेखा वगैरे काही नाही. खरी मेख कड्याच्या मधोमध आहे. तिथे बर्फाचं एक तिरकं मैदान आहे. उन्हाळा चढत जातो तसा हा बर्फ खडकापासून सुटतो आणि मध्ये खोल भेग पडते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला बर्फ भरपूर असतो, तेव्हा ती ओलांडून खडकाला हात घालता येतो. उशीर केला तर वाट बंद. नुसत्या धाडसाने हे साधत नाही बाबा, डोंगर वाचता यावा लागतो. नऊ वर्षांनी, १८९० मध्ये, म्युनिकचा श्योलहोर्न नावाचा गिर्यारोहक याच भेगेत पडून गेला. या कड्याचा तो पहिला बळी. त्या बर्फाला आज त्याचंच नाव आहे, आणि तेव्हापासून शंभराहून जास्त माणसांचा इथे जीव गेला आहे. हे तुमच्यापासून लपवत नाही.

ग्रिल मात्र १९१७ मध्ये, एक्क्याऐंशी वर्षांचा होऊन वारला. जन्मभर तो वाटाड्याचंच काम करत होता. वाटाड्यांना तेव्हा परवाना असायचा, दर ठरलेले असायचे आणि प्रत्येकाजवळ एक वही असायची. डोंगर उतरून आलं की गिऱ्हाइकाने त्या वहीत दोन ओळी लिहायच्या. हा माणूस कसा वागला, त्याने कसं सांभाळलं. पुढचं गिऱ्हाईक ते वाचून त्याच्या हाती जीव सोपवणार. मला ही पद्धत फार आवडली. १८८८ मध्ये वाट्समानच्या अंगावर १,९३० मीटरवर मुक्कामाचं घर बांधलं, तेव्हा तिथला पहिला कारभारी म्हणूनही ग्रिललाच नेमलं. ते घर अजून चालू आहे.

आता बाळू. तो ट्रेकवाल्यांना घेऊन हिंडतो म्हणजे उनाडक्या करतो, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. गेल्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढलेलं पाहून त्याने अख्खा गट मागे फिरवला, लोकांची बोलणी खाल्ली, पैसे परत केले. तुम्हाला त्यात नुकसान दिसलं, मला त्यात वाटाड्या दिसला. त्याला उत्तरकाशीच्या संस्थेत गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करायचा आहे. महिनाभराचा असतो. दोर, बर्फ, जखमी माणसाला खाली आणणं, सगळं रीतसर शिकवतात. न शिकता तो डोंगरात जातच राहणार, त्यापेक्षा शिकून गेलेला बरा. फी मी पाठवते. तुम्ही फक्त होकार द्या, आणि तो त्याला स्वतः सांगा, आईकरवी नको.

आईच्या गुडघ्याचं तेल पाठवलंय, पोचलं की कळवा.

तुमची,
ताई