पूर ओसरल्यानंतरचे नुकसान

महोदय,

उल्हास नदीच्या पुराबाबत आपल्या दैनिकातील बातमी वाचली. पाणी ओसरले आणि जनजीवन पूर्वपदावर आले, हा तिचा सूर पटला नाही. पाणी काही तासांत उतरते. तळमजल्यावरच्या घरांत मात्र घोटाभर गाळ उरतो, विजेचे मीटर निकामी होतात, भिजलेले धान्य फेकून द्यावे लागते. शिवाय मोहिली, शहाड येथील पाणीपुरवठ्याची केंद्रे याच काठावर आहेत. तिथे पाणी शिरले की पंप बंद, आणि ऐन पुरात नळ कोरडे. ठाण्याच्या काही भागालाही उल्हासचेच पाणी मिळते, तेव्हा हा फक्त नदीकाठच्यांचा प्रश्न नव्हे.

जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून हजारभर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. तरीही पात्रालगत भराव पडतच आहेत, याची चीड येते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवणारी निळी रेषा केवळ नकाशावर ठेवू नये. जलसंपदा विभागाने काठाने खांब रोवून ती दाखवावी, म्हणजे घर घेणाऱ्यालाही ती पैसे भरण्याआधी दिसेल.

– एक वाचक, ठाणे