सिंहगडावरचं इंद्रवज्र

पुणे,
आश्विन वद्य द्वितीया

प्रिय मित्रा,

अरे, काल सिंहगडावर इंद्रवज्र दिसलं, ते धुक्यावर आपल्या सावलीभोवती उमटणारं गोल रंगीत वलय! हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ज्याची आपण ताटकळत वाट बघायचो, ते इथे, पुण्याच्या उशाशी. फोटो सोबत पाठवतोय, पण आधी पत्र वाच.

निघालो होतो सोनकीची फुलं बघायला. कोजागिरीचं मसाला दूध पिऊन झोपायला उशीर झाला, तरी पहाटे आतकरवाडीतून चढायला लागलो. तेरडा ओसरलाय, सोनकी मात्र उतारावर नुसती पिवळीधमक. पुणे दरवाजापाशी एवढं धुकं, की पुढची पायरी दिसेना. देवटाक्यावरून तानाजी कड्याकडे वळलो तोवर गडमाथा मोकळा झाला आणि पाठीवर ऊन आलं. पश्चिमेची दरी मात्र काठोकाठ भरलेली, राजगड-तोरणा गायब. कठड्याशी उभा राहिलो, तर खाली ढगावर माझी सावली आणि तिच्या डोक्याभोवती रंगांचं गोल वलय! आत निळसर, कडेला तांबूस, त्याबाहेर आणखी एक पुसट. मी हात हलवला, सावलीनंही हलवला. खरं सांगतो, डोळे भरून आले.

कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याची १८३५ सालची नोंद कोकणकड्यावरची, म्हणून आपण ते तिथलंच धरून बसलो. पण इंद्रवज्राला लागतं एवढंच: पाठीशी कलता सूर्य, समोर आपल्यापेक्षा खाली धुकं, आणि त्यात बारीक, एकसारखे थेंब. थेंब जितके बारीक, तितकं वलय मोठं. इंद्रधनुष्याची त्रिज्या सुमारे ४२ अंश असते, हे काही अंशांतच मावतं. धुकं सरकेल तसं ते श्वास घेतल्यासारखं लहानमोठं होत होतं.

शेजारी एक काका उभे होते. त्यांनाही वलय दिसत होतं, पण त्याच्या मधोमध त्यांचं डोकं, माझ्या वलयात माझं. ‘माझं बघा’ म्हणायची सोयच नाही, ज्याचं त्यानं बघायचं. कॅमेऱ्याचंही तेच. हात लांब करून तो डावीकडे धरला, तर फोटोत वलय सावलीच्या डोक्याभोवती नाही, हाताच्या टोकाशी आलं. तिसरा फोटो तोच, नीट बघ. म्हणजे तू बघतोयस ते कॅमेऱ्याचं वलय आहे रे, माझंही नाही. तुझं तुला कड्यावरच भेटेल.

धुक्यात ऑटोफोकस चाचपडत राहतो, म्हणून मॅन्युअल करून अनंतावर ठेवला. रंग फिके पडत होते, एक्स्पोजर जरा खाली आणल्यावर तांबडा उठून आला. माझ्या अठरा मिमीच्या लेन्सवर वलय फारच छोटं येतं, तू पन्नासची आण.

दिवाळीच्या गडबडीआधीच ये. शुक्रवारी रात्री माझ्याकडे मुक्काम कर, पहाटे निघू. धुक्याचा भरवसा नाही, हे तुला सांगायला नको. पण सोनकी अजून आहे, आणि वर मडक्यातलं दही, झुणका-भाकरी आहेच. कुठल्या शुक्रवारी जमतंय ते लगेच कळव. काकूंना नमस्कार सांग.

तुझा मित्र